सगळं गिळणाऱ्याच्या जोडीला आचारी: वावेलच्या ड्रॅगनचं प्रकरण

तर प्रकरण असं आहे. पोलंडच्या क्राकोव्ह शहरात वावेल नावाची टेकडी आहे, टेकडीच्या पोटात गुहा आहे आणि त्या गुहेत एक ड्रॅगन राहायचा, जो लिखापढीनुसार गेली आठशे वर्षं गुरं आणि माणसं खातोय. म्हणजे गोष्टीत हो. आणि १९६९ साली दक्षिण पोलंडमधल्या बिएल्स्को-ब्यावा या गावातल्या कार्टून स्टुडिओने याच ड्रॅगनला घेऊन लहान मुलांची मालिका काढली, ज्यात हा राक्षस चक्क हिरो आहे, क्राक राजा त्याला विश्वासाने कामगिरीवर पाठवतो, तो गाडीत बसून देशोदेशी फिरतो आणि त्याच्या सोबत कोण, तर एक आचारी. तेरा भाग, एकेक साधारण दहा मिनिटांचा, १९६९-७० मधले. मालिकेचं नाव मराठीत सांगायचं तर 'बाल्ताझार गोम्पकाचं अपहरण'.

मला हे प्रकरण सापडलं ते भाचीमुळे. सहा वर्षांची आहे, पोलिश तिलाही येत नाही आणि मलाही येत नाही, जुनी कार्टून शोधता शोधता लागलं आणि आम्ही दोघं बघत बसलो. पाचेक मिनिटं गेली असतील, तिने विचारलं, "मामा, हा काय खातो?" मी म्हटलं, "अगं तो सोबत टोपीवाला आचारी आहे ना, तो देतो करून." "मग ठीक आहे," म्हणाली आणि परत बघायला लागली.

त्या 'मग ठीक आहे'वर मी नंतर बरेच दिवस अडकलो होतो. कारण या ड्रॅगनच्या मूळ गोष्टीत दुसरं काहीच नाहीये, फक्त हाच प्रश्न आहे. हा काय खातो, त्याला कोण देतं, आणि दिलं नाही तर काय.

आधी जुनी गोष्ट नीट बघू, कारण जी आज सगळीकडे सांगतात ती आणि पहिल्यांदा लिहिली गेली ती, यात बराच फरक आहे. पहिली लिहिली विन्त्सेन्ती कादवुबेक या माणसाने, जो १२०८ मध्ये क्राकोव्हचा बिशप झाला, आणि त्याची बखर साधारण बाराव्या-तेराव्या शतकाच्या सांध्यावरची, लॅटिनमध्ये. त्यात या प्राण्याला जो शब्द वापरलाय त्याचा अर्थच मुळी 'अख्खं गिळणारा'. त्याला दर आठवड्याला ठरलेली गुरं द्यायची. गुरं कमी पडली की तेवढीच माणसं. सरळ हिशोब, खंडणीसारखा. क्राक राजा आपल्या दोन मुलांना सांगतो की याचा बंदोबस्त करा, ते समोरासमोर लढून बघतात, जमत नाही. मग गुरांच्या कातड्यात पेटता गंधक भरून त्याच्यापुढे ठेवतात, तो सवयीने गिळतो आणि आतल्या आत गुदमरून मरतो.

इथपर्यंत ठीक. पण पुढे लगेच धाकटा भाऊ थोरल्याला मारतो आणि सांगतो ड्रॅगननेच मारलं. घरी येतो, रडतो, राज्य मिळतं, नंतर बिंग फुटतं आणि कायमचा हद्दपार होतो. म्हणजे गोष्टीतला खरा राक्षस कोण हे बिशपसाहेबांनी तेव्हाच सांगून ठेवलेलं होतं. शहराचं नाव राजावरून पडलं हे तो सांगतोच, पण जोडीला असंही सांगतो की काही जणांच्या मते ते कावळ्यांच्या ओरडण्यावरून पडलं, ड्रॅगनच्या मढ्यावर जमलेल्या कावळ्यांच्या. पोलिशमध्ये कावळ्याच्या ओरडण्याला क्राकाच असा शब्द आहे, आपल्या 'काव काव'सारखाच आवाजावरून आलेला.

आता पुढच्या लोकांनी काय केलं बघा. पंधराव्या शतकात यान द्वुगोश या बखरकाराने मारण्याचं श्रेय थेट राजा क्राकला दिलं आणि भावांचं भांडण राजाच्या मरणानंतर ढकललं, म्हणजे ड्रॅगन वेगळा आणि खून वेगळा. मग १५९७ मध्ये योआखिम बिएल्स्कीने छापलेल्या बखरीत एक नवीनच माणूस येतो, स्कुब. हा जोडे शिवणारा. कातड्यात गंधक भरायची युक्ती याची. आज पोलंडमधलं पोर जी गोष्ट ऐकतं त्यात हाच स्कुबा हिरो असतो, मेंढ्याच्या कातड्यात गंधक भरतो, ड्रॅगन गिळतो, पोटात आग पडते म्हणून विस्तुला नदीवर जाऊन पाणी पीत सुटतो आणि पिऊन पिऊन फुटतो. आणि स्कुबाला राजकन्या मिळते, अर्थात.

मला स्कुबा फार आवडतो, आणि तो गोष्टीत का आला असावा हेही पटतं. कातडं भरून जनावर खरं वाटेल असं उभं करायचं म्हणजे शिवण आली, आणि राजपुत्राला ती येते थोडीच. ज्याचं काम त्याला दिलं. फक्त मराठीत सांगताना अडतं. आपल्याकडे या कामाचा जो पटकन तोंडात येणारा शब्द आहे तो जातीचा आहे, पोलिशमध्ये तो नुसता धंद्याचा आहे, म्हणून मी भाचीला 'मोची' सांगितलं आणि पुढे गेलो. पण तेव्हा जाणवलं की आपल्याकडच्या गोष्टीत कातड्याचं काम करणाऱ्याला राजकन्या देऊन मोकळं होणं एवढं सोपं नसतं.

आणि हो, बकासुर. कुठल्याही मराठी माणसाला हे वाचून तोच आठवणार. एकचक्रा नगरी, गाडाभर अन्न, दोन जनावरं आणि ते घेऊन जाणारा माणूस, रोज एका घराची पाळी. तीच खंडणी. फरक एवढाच की भीम राक्षसाचं जेवण त्याच्यासमोर बसून स्वतः खातो, पाठीत बुक्क्या बसतायत तरी खातो, आणि क्राकोव्हवाले जेवणात घोटाळा करतात. पण दोन्हीकडे हल्ला ताटावरच आहे. जुन्या बायबलच्या काही आवृत्त्यांमध्ये दानिएलची गोष्ट आहे, तो डांबर, चरबी आणि केसांचे गोळे खाऊ घालून बॅबिलोनचा ड्रॅगन फोडतो. बिशपला ती गोष्ट माहीत नसेल असं मला तरी वाटत नाही.

थोडक्यात, या जातीच्या राक्षसाला तलवारीने मारत नाहीत. त्याला जेवायला घालून मारतात. हे लक्षात ठेवून आता १९६९ कडे या.

खरं तर पहिला बदल स्टुडिओने केलेला नाही, त्याचं श्रेय स्तानिस्वाव पागाचेव्स्की या लेखकाचं. क्राकोव्हचा माणूस, पत्रकार, विनोदी लिहायचा, पर्यटनावरही लिहायचा. १९६५ मध्ये त्याचं मुलांचं पुस्तक आलं आणि त्यातच ड्रॅगन जिवंत, सभ्य आणि क्राक राजाचा दोस्त आहे. कोणी मेंढा भरला नाही, कोणी फुटलं नाही. प्रोफेसर बाल्ताझार गोम्पका उडत्या बेडकांचा शोध घ्यायला पाऊसवाल्यांच्या देशात गेलेत आणि परत आलेच नाहीत, म्हणून ड्रॅगन आणि आचारी त्यांना शोधायला निघतात. गोम्पका म्हणजे स्पंज. पावसाच्या देशात अडकलेला प्रोफेसर स्पंज, हे कळल्यावर मी एकटाच हसत बसलो होतो. आचाऱ्याचं नाव बार्तोलिनी बार्त्वोमिएय, आणि वर खानदानी लोकांसारखं कुलचिन्ह, हिरवी पार्सली. आपल्याकडे कोणी स्वतःला 'कोथिंबीर घराण्यातला' म्हणवून घ्यावं तसं.

मग बिएल्स्को-ब्याव्याच्या स्टुडिओने हे उचललं. स्टुडिओची सुरुवात १९४७ ची, आणि साठच्या दशकात तिथून बोलेक आणि लोलेक ही दोन पोरं निघाली, मग रेक्सिओ हा कुत्रा निघाला, म्हणजे घराघरात पोचलेला कारखाना. बोलेक-लोलेकवाले व्वादिस्वाव नेहरेबेत्स्की इथेही होते, आणि तेरा भाग त्यांनी आणि स्टुडिओतल्या बाकीच्या दिग्दर्शकांनी वाटून घेतले.

हे वाटून घेणं मला महत्त्वाचं वाटतं. त्या काळात एकेक चित्र सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पानावर, उतरवायचं आणि मागून हाताने रंगवायचं. दहा मिनिटांच्या भागाला अशी हजारो. आता एकच पात्र वेगवेगळ्या टीमच्या हातून जाणार असेल तर ते सोपं पाहिजे, कुणीही काढलं तरी तेच दिसलं पाहिजे. अंगभर खवले, दातांच्या रांगा, पंखांच्या शिरा असलं काही ठेवलंत तर रंगवणारी माणसं रडतील. म्हणून गुळगुळीत हिरवा रंग आणि चार रेषा. लोक म्हणतात की मुलांसाठी म्हणून राक्षस गोंडस केला, असेलही, पण माझ्या मते अर्धा गोंडसपणा हा कामाच्या हिशोबातून येतो. ज्याला महिनोन्महिने रोज काढायचाय त्याचे खवले कोण मोजत बसणार.

दुसरी गोष्ट वेळ. पोलिश टीव्हीवर १९६२ पासून संध्याकाळी मुलांसाठी छोटा कार्यक्रम असायचा, नावातच 'शुभ रात्री' आहे, सातच्या सुमाराला लागायचा, तो संपला की पोरं झोपायला आणि साडेसातला मोठ्यांच्या बातम्या. कित्येक पिढ्यांची ही सवय होती, सरकारी चॅनलवरचा तो स्लॉट बंद झाला थेट २०१३ मध्ये. आता असा विचार करा की तुम्हाला राक्षसाची गोष्ट सांगायची आहे आणि तुमचा प्रेक्षक दहा मिनिटांनी अंधाऱ्या खोलीत एकटा पडणार आहे. माणसं खाणारा ड्रॅगन तिथे चालणारच नाही. पण भीती अजिबात नसलेली गोष्टही चालत नाही, कारण मग उद्या कोण बघेल.

तर भीती लागते, पण ती झोपू देणारी लागते. ही गरज त्यांनी कशी भागवली हाच या प्रकरणाचा गाभा आहे, आणि माझं म्हणणं असं की त्यांनी राक्षसाला मवाळ केलेलंच नाही, त्यांनी त्याचे दोन तुकडे केले. त्याची भूक काढून आचाऱ्याकडे दिली आणि त्याची भीती काढून दुसऱ्याच माणसाच्या अंगावर चढवली.

भुकेचं बघा. ज्या प्राण्याचं नावच अख्खं गिळणारा, ज्याला जेवणातून मारलं, त्याच्या जोडीला लेखकाने शिपाई दिला नाही, जादूगार दिला नाही, आचारी दिला. हे मला तरी योगायोग वाटत नाही. घरात एक खाणारा आणि एक करणारा असला की खाणाऱ्याची भीती वाटत नाही, तो फार तर 'बकासुरासारखा खातो' एवढाच होतो, आणि हे आपण मायेनेच म्हणतो. भाचीचं 'मग ठीक आहे' हेच. तिला ड्रॅगन सभ्य आहे की नाही याच्याशी घेणंदेणं नव्हतं, त्याच्या जेवणाची सोय झालीये का एवढंच बघायचं होतं. क्राकोव्हच्या लोकांनी आठशे वर्षांपूर्वी एक बरा आचारी नेमला असता तर दोन राजपुत्रांपैकी एक वाचला असता, असं मी बायकोला म्हटलं तर ती म्हणाली आचाऱ्याला पगार कोण देणार, ते बघ आधी.

आणि भीती? ती गेली डॉन पेद्रोकडे. काळा झगा, काळी टोपी, पाऊसवाल्यांच्या देशाचा हेर. हा दोघांच्या मागावर असतो, वाटेत काड्या करतो, वेष बदलतो आणि दरवेळी तोंडावर आपटतो. ड्रॅगनसारखा दिसणारा ड्रॅगन मालिकेत घाबरवत नाही, माणसासारखा दिसणारा माणूस घाबरवतो, आणि तोही इतपतच की शेवटी हसू यावं. पोलिश लोकांत 'पाऊसवाल्यांच्या देशाचा हेर' हा बोलण्यातला शब्दप्रयोगच होऊन गेलाय, कोणी उगाच संशयास्पद घुटमळत असेल तर गमतीने म्हणतात. मालिका बघून मोठी झालेली माणसं ड्रॅगनवरून म्हण तयार करत नाहीत आणि हेरावरून करतात, यावरूनच कळतं की डंख कुठे होता.

त्यात सालं बघा. १९६८ च्या मार्चमध्ये पोलंडमध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले आणि त्यांना झोडपून काढलं, ऑगस्टमध्ये पोलिश सैन्य सोव्हिएत फौजांबरोबर चेकोस्लोव्हाकियात घुसलं, आणि छापायच्या, दाखवायच्या प्रत्येक गोष्टीवर वॉर्सात सेन्सॉरचं ऑफिस बसलेलं. पुढच्याच वर्षी ही मालिका. एक देश आहे, तिथे सारखा पाऊस आहे, तिथे गेलेला प्रोफेसर परत येत नाही आणि तिथून हेर सुटलेत. सोफ्यावर बसलेल्या बापाला यात काय दिसत असेल ते सांगायला नको, आणि लगेच पुढे सरकारी बातम्या. पण मी या कोड्यात फार शिरत नाही, कारण बरेच जण असल्या कार्टूनला नुसतं गुप्त राजकारण करून टाकतात आणि मग ड्रॅगन बाजूलाच राहतो. शेजारी बसलेल्या पोराला यातलं काहीही कळत नव्हतं आणि तरी त्याला नेमकी त्याच जागी भीती वाटत होती.

आता नुकसान. नुकसान झालंच आहे, उगाच नाही म्हणायला नको.

एक म्हणजे स्कुबा गेला. ड्रॅगन मरायचाच नाही म्हटल्यावर मारणाऱ्याची गरज संपली. पण त्याच्याबरोबर गोष्टीतली सगळ्यात चांगली गोष्ट गेली, की राजाच्या पोरांना जमलं नाही ते हातात टोचा-दोरा असलेल्याला जमलं. त्याच्या जागी राजाने नेमलेली मंडळी आली, सरकारी मोहीमच म्हणा की. दुसरं म्हणजे गुरं. कादवुबेकच्या गोष्टीत दर आठवड्याला कोणाची तरी गाय जात होती आणि कोणाचं तरी पोर जाणार होतं, हा सगळा हिशोबच पुसला गेला. क्राक राजा आणि ड्रॅगन मित्र आहेत, ठीक, पण आधीचं काय, याबद्दल कोणी ब्र काढत नाही. भावाचा खून तर बाकीच्यांनीही मुलांच्या गोष्टीतून केव्हाच काढून टाकलाय, त्यामुळे त्याचा दोष स्टुडिओला देता येत नाही. आणि प्रवासाला निघालेली मंडळी म्हणजे ड्रॅगन, आचारी आणि मागून हेर, सगळे पुरुष. भाचीला त्याचं काही वाटलं नाही, मला वाटलं.

तरी एक सांगतो. जुन्या गोष्टीला हात लावला की ती बिघडते, असं म्हणणाऱ्यांनी एकदा वावेलला काय काय झालंय ते बघावं. त्या गुहेत म्हणजे स्मोचा यामात आज तिकीट काढून १३५ पायऱ्या उतरून जाता येतं, ८१ मीटरचा रस्ता चालून नदीकाठी बाहेर यायचं. याच गुहेपाशी एकेकाळी दारूचा गुत्ता आणि वेश्यावस्ती होती. बाहेर ब्रोनिस्वाव ख्रोमी या शिल्पकाराचा धातूचा ड्रॅगन उभा आहे, १९७२ पासून, म्हणजे मालिका येऊन गेल्यावर दोनेक वर्षांनी. तो दर काही मिनिटांनी तोंडातून खरी आग काढतो, आत गॅसची लाइन आहे. वर कॅथेड्रलच्या दाराशी साखळीने हाडं टांगलेली आहेत, ड्रॅगनची म्हणून. ती निघाली मॅमथ, गेंडा आणि देवमाशाची, पण काढलेली नाहीत, कारण ती पडली की जग बुडणार अशी समजूत. आणि गंमत म्हणजे पोलंडमध्येच लिसोवित्से गावात ट्रायासिक काळातल्या, म्हणजे वीसेक कोटी वर्षांपूर्वीच्या, एका मोठ्या मांसाहारी प्राण्याचे अवशेष सापडले, तर शास्त्रज्ञांनी त्याचं अधिकृत नावच 'स्मोक वावेल्स्की' ठेवलं, वावेलचा ड्रॅगन. आणि त्याच्या वाळलेल्या शेणाच्या दगडांत हाडांचे चुरडलेले तुकडे मिळाले. म्हणजे एकाच वेळी हा प्राणी हाडं चावणारा जीवाश्म आहे, गॅसवर चालणारा पुतळा आहे आणि आचाऱ्याबरोबर फिरणारा सभ्य गृहस्थ आहे, आणि क्राकोव्हला यातलं काही खटकत नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्या इथे वळिवड्याला १९४३ ते ४८ या काळात पाचेक हजार पोलिश लोकांची वसाहत होती, युद्धात घरदार सुटलेल्या बायका आणि मुलं, त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. लहानपणी नुसतं 'पोलंडवाले' एवढंच ऐकलेलं. हे कार्टून बघताना डोक्यात येत राहिलं की तेव्हा वळिवड्याला जी पोरं होती त्यांच्या वाट्याला यातला आचारीवाला ड्रॅगन आला नाही, तो यायला अजून वीस-पंचवीस वर्षं होती. पोलिश घरातल्या पोराला त्या काळी मिळायचा तो मेंढ्याचा आणि गंधकाचा ड्रॅगन. आणि उपाशीपोटी हजारो मैल आलेल्या पोरांना गिळणाऱ्या राक्षसाची गोष्ट कशी ऐकू येत असेल, मला त्याचा नीट विचारही करवत नाही.

परवा भाची राहायला आली होती. झोपताना म्हणाली ड्रॅगनची गोष्ट सांग, तर म्हटलं चला, आज खरी जुनी सांगू. गुहा सांगितली, गुरं सांगितली, माणसांचा भाग जरा घाईत उरकला. मोची आला, त्याने मेंढ्याचं कातडं घेतलं, आत गंधक भरला, बाहेरून असं शिवलं की ओळखू येऊ नये, आणि गुहेच्या तोंडाशी नेऊन ठेवलं. ती एकदम उठून बसली.

"मामा, पण हे त्या आचाऱ्याला माहीत होतं का?"

मी म्हटलं, "आचारी या गोष्टीत नाहीये गं."

"नाही कसा? मग जेवण कोणी दिलं?"